उपाशी पाणी

१

डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागात, दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या टाकीत समुद्र पाळायचा म्हणजे जरा अतिच. शेजारीपाजारी तोंडावर "वा!" म्हणायचे आणि जिना उतरताना हसायचे. विश्राम साठ्यांना त्याचं काही नव्हतं. आख्खी नोकरी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला माणूस. लोक काय म्हणतात यापेक्षा मोजमाप काय म्हणतं ते महत्त्वाचं. आरओचं पाणी काढायचं, त्यात समुद्राचं मीठ विरघळवायचं, खारटपणा बघायचा, तापमान बघायचं आणि मगच चहा. "तुमच्या समुद्राला भरती येईपर्यंत इथे चहाचं गार पाणी होतं," असं त्यांची बायको सुमेधा वैतागून म्हणायची. म्हणजे बोलत होती तेव्हा.

मागल्या दिवाळीनंतर तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेही एक वेळ चाललं असतं, पण तिची नजरच कुठे लागेना. विश्रामराव समोर उभे राहिले तरी ती त्यांच्या आरपार भिंतीकडे बघायची. मुलगी क्षिप्रा ठाण्याहून यायची, "आई, मी आलेय गं" म्हणायची, तिलाही तेच. फक्त टाकीसमोर खुर्ची लावली की डोळ्यांत जीव यायचा. मासा डावीकडे गेला की डोळे डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. डॉक्टर म्हणाले, "ज्याला त्या प्रतिसाद देतायत ते काही झालं तरी बंद करू नका."

मग काय, विश्रामरावांनी टाकीचं स्टँड कापून बुटकं करून घेतलं, चाकाच्या खुर्चीतून तिचा डावा हात पाण्यात पोचावा म्हणून. टाकीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या होत्या. या कोळंब्या माशांचं अंग साफ करतात, त्यांच्या अंगावरचे किडे, मेलेली कातडी वेचून खातात. हात स्थिर धरला तर माणसाची नखंही टोकरतात. सुमेधाच्या हातावर त्या लगेच यायच्या, आजारपणाच्या आधीपासून. विश्रामरावांच्या हातापासून मात्र लांब पळायच्या. "तुमच्या हाताला अजून रंगाचा वास येतो," असं ती चिडवायची.

टाकी हॉल आणि जेवणाच्या खोलीच्या मधोमध, भिंतीच्या जागी. दोन्हीकडून दिसायची. रोज सकाळी, तिला सांभाळायला ठेवलेल्या विमलाबाई सुमेधाला आंघोळ घालून हॉलच्या बाजूला आणून बसवायच्या, हात पाण्यात ठेवायच्या. विश्रामराव पोह्यांची बशी घेऊन पलीकडे पाटावर बसायचे, पाण्यातून तिचा चेहरा दिसेल असे. त्यांना एकच हवं होतं. तिने एकदा आपल्याकडे बघावं. ओळखून बघावं, बस. तिची नजर पाण्यात शिरायची, त्यांच्या दिशेने यायची आणि अलीकडेच कुठेतरी थांबायची. बशीतले पोहे कोरडे व्हायचे. हसू नका, साठीतल्या माणसालाही असला हट्ट असतो.

अशाच एका सकाळी त्यांना मोठ्या क्लाऊन माशाच्या शेपटीजवळ एक पांढरा ठिपका दिसला, रव्याच्या कणाएवढा. बघता बघता मासा तिरका झाला, कूस झटकन दगडाला घासून पुन्हा सरळ झाला. अंगाला खाज सुटल्यासारखा. विश्रामरावांनी चमचा खाली ठेवला.

२

ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे मितेशचं पाळायच्या माशांचं दुकान. विश्रामराव त्याचं सगळ्यात शिस्तीचं गिऱ्हाईक, म्हणून तो त्यांच्याशी जरा अदबीने बोलायचा. मोबाईलवरचा फोटो त्याने मोठा करून बघितला.

"व्हाइट स्पॉट, काका. टेन्शन नका घेऊ, पण ढिलाई पण नाय चालणार."

"औषध दे."

"मेन टाकीत औषध नाय टाकायचं हां! तांब्याचं औषध ते. कोरल खलास, कोळंबी खलास. एक काम करा. सगळे मासे बाहेर काढा, दुसऱ्या साध्या टाकीत ठेवा, औषध तिकडे. आणि मेन टाकी रिकामी सोडायची. दोन-अडीच महिने."

"त्याने काय होईल?"

मितेशने स्टूल पुढे ओढलं. समजावून सांगायची त्याला हौस होती. "हा जो किडा आहे ना, तो माशाच्या अंगावर बसून खातो. पोट भरलं की गळून खाली वाळूत पडतो. वाळूत एकाचे शेकडो होतात. मग ते वर येतात, परत मासा शोधतात. मासा भेटलाच नाय तर मरतात. सिंपल. उपाशी मारायचं त्याला."

"एखादा मासा ठेवला तर? बायकोला बघायला. तिचं तुला माहितेय."

"काका," मितेश हळू आवाजात म्हणाला, "एक ठेवला तर कायच केलं नाय असं समजा. अंगावर बसायला कोणी म्हणजे कोणी नाय पायजे पाण्यात."

"कोळंबी?"

"कोळंबीला तो लागत नाय. त्याला मासाच लागतो. अजून काय लागणार?"

क्षिप्राच्या रिकाम्या खोलीत विश्रामरावांनी साधी काचेची टाकी मांडली. मुख्य टाकीतले दगड हलवून, जाळीने एकेक मासा पकडता पकडता त्यांची कंबर धरली. दोन क्लाऊन, पिवळा टँग, चार बारके निळे. सगळे पलीकडे गेले. मग ते हॉलमध्ये आले आणि त्या नुसत्या पाण्याकडे बघत उभे राहिले. उद्या सकाळी हिला इथे आणून बसवायचं, आणि हिच्या डोळ्यांत उरलंय तेवढंही विझणार. माझ्या हाताने.

३

पण तसं काही झालं नाही. सकाळी सुमेधा टाकीसमोर बसली, हात पाण्यात गेला, आणि डोळे हलू लागले. डावीकडून उजवीकडे. मोठ्या दगडामागे थांबून पलीकडून बाहेर. पुन्हा डावीकडे.

"बघा साहेब, ताईंना काही फरक नाही," विमलाबाई म्हणाल्या. "उगीच जीव टांगणीला लावलात."

विश्रामरावांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी पोहे दुसऱ्यांदा घेतले. पाण्याच्या हालचालीकडे बघत असेल, ते म्हणाले स्वतःशी. पंपाने पाणी फिरतं, प्रवाळ डुलतात, प्रकाश हलतो. बघण्यासारखं पुष्कळ आहे.

तरी कारखान्यातली सवय जाते थोडीच? दुपारी त्यांनी पंप बंद केला. घरात एकदम शांतता झाली, खालच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक वर आली. पाणी स्थिर झालं, प्रवाळ थांबले. सुमेधाचे डोळे चालूच. त्यांनी काचेच्या मधल्या भागावर वर्तमानपत्र चिकटवलं. तिची नजर कागदाच्या कडेशी पोचली, कागदामागून सरकावी तशी सरकत गेली आणि दुसऱ्या कडेला बरोबर बाहेर आली. सवय आहे ती, विश्रामराव म्हणाले. मेंदूला वळण लागतं. त्यांनी कागद काढला, पंप लावला.

मग त्यांना कोळंब्या दिसल्या.

एखादा मासा अंग साफ करून घ्यायला आला की या कोळंब्या दगडाच्या कडेला येतात, मिशा हलवत डुलतात. मासा थांबतो, त्या त्याच्या अंगावर चढतात. आता त्या तशाच डुलत होत्या. समोर काही नव्हतं. थोड्या वेळाने एक कोळंबी कडेवरून पुढे झाली आणि पाण्यातच टोकरू लागली. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी जरा पुढे. नुसत्या पाण्यात, एका रेषेत, पाय रोवून. खाली वाळू, वर पाणी, आणि मधे त्या.

वीतभर असेल ती रेष. विश्रामरावांनी काचेवर बोटं ठेवून मापली आणि मग, का मापली म्हणून, स्वतःवरच चिडले.

४

पुढे सुमेधाच्या हातावर ठिपके आले. विमलाबाई म्हणाल्या, "साहेब, घामोळं उठलंय ताईंना." मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे कण, रव्यासारखे. मीठ वाळलं असेल म्हणून विश्रामरावांनी ओल्या फडक्याने पुसले. निघेनात. नखाने हलकेच खरवडले, तरी नाही. दोन-तीन दिवसांनी हात आपोआप स्वच्छ झाला. ते खूश झाले. मग एका सकाळी ठिपके पुन्हा उठले, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, दंडावर, गळ्यावर.

त्वचेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मलम दिलं. "खाऱ्या पाण्यात हात बुडवताय ना रोज? तेवढं बंद करा."

बंद करा म्हणे. विश्रामरावांनी दुसऱ्या दिवशी तिचा हात पाण्याबाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. सुमेधाच्या घशातून आवाज निघाला. वर्षभरात तिच्या तोंडून शब्द सोडा, हुंकार आला नव्हता. हा आवाज लांबलचक होता, खोल, आणि थांबेचना. विमलाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून धावत आल्या. विश्रामरावांनी घाईघाईने हात परत पाण्यात सोडला. आवाज थांबला. कोळंब्या आल्या. आणि सुमेधा चक्क हसली, अर्ध्याच तोंडाने, पण हसली.

त्या हसण्यापुढे कुठलं मलम आणि कुठले डॉक्टर! विश्रामरावांनी हात राहू दिला. रोज राहू दिला. क्षिप्रा शनिवारी आली, तिने ते हसू बघितलं आणि वडिलांच्या गळ्यात पडली. "बाबा, आई हसतेय हो! मी साकेतला व्हिडिओ पाठवते." साकेत म्हणजे तिचा नवरा. तिला अंगावरचे ठिपके दिसले, पण विश्रामराव म्हणाले, "मलम चालू आहे."

खोटं नव्हतं ते. पण त्यांनी तिला हे सांगितलं नाही, की आदल्या दुपारी काय झालं. सुमेधा खुर्चीत बसली होती, ते पेपर वाचत होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं, की तिचं अंग तिरकं झालं. एक खांदा झटकन खुर्चीच्या दांडीला घासला आणि पुन्हा सरळ. क्षणभराचं काम. अर्धं अंग लुळं असलेली बाई ती. विश्रामरावांनी पेपर तोंडासमोर धरला. त्यांनी जे बघितलं ते कुठे बघितलंय हे त्यांना माहीत होतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, दांडीवर गाऊन घासल्याचा. आणि थोड्या वेळाने पुन्हा.

तिचा श्वासही जोरात चालला होता. तोंड उघडं, गळ्याच्या दोन्ही बाजू भराभर हलत होत्या.

क्षिप्राच्या खोलीतले मासे मात्र ठणठणीत. अंगावर एक ठिपका नाही, खायला टाकलं की तुटून पडायचे. विश्रामराव त्यांच्यापुढे उभे राहायचे आणि मितेशचे शब्द आठवायचे. वाळूत पडतो. वर येतो. शोधतो. कोणी म्हणजे कोणी नाय पायजे पाण्यात. छे, ते म्हणायचे, तो माशांचा किडा आहे. माणसाला लागत नाही. पुस्तकात लिहिलंय. मग ते जेवणाच्या खोलीत येऊन पाटावर बसायचे. कोळंब्यांची रेष आता वीतभर राहिली नव्हती. हातभर झाली होती, आणि तिला मधे एक वळण आलं होतं, माणसाचं कोपर वळतं तसं.

५

शेवटी श्वास फारच चढला तेव्हा अँब्युलन्स बोलवावी लागली. क्षिप्राच्या ओळखीचं हॉस्पिटल ठाण्यात होतं. शीळफाट्याला ट्रक अडकले होते, गाडी जागची हलेना, सायरन नुसता कोकलत राहिला. विश्रामराव तिचा हात धरून बसले होते. डोंबिवली मागे पडल्यापासून तिचं अंग शांत होत चाललं होतं. श्वास सावकाश झाला. त्यांनी बघितलं तर चादरीवर पांढरे कण सांडलेले, आणि तिचा हात, गळा, सगळं स्वच्छ. त्यांनी एक कण बोटावर घेतला, जिभेला लावला. मीठ नव्हतं.

"बघ, बरं वाटतंय ना?" ते म्हणाले. "पाण्यापासून लांब आलीस की बरं वाटतं. आपण आता तुला त्या पाण्यात नाही हं ठेवायचं." त्यांना आशा वाटली. का वाटू नये? उपाय हाच तर होता. आजारी जीव बाहेर काढायचा, पाणी रिकामं सोडायचं.

पण सुमेधा कुठेच बघत नव्हती. डोळे उघडे होते, छताकडे होते, आणि त्यांत आता काही म्हणजे काही नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी टॉर्च मारला, क्षिप्राने हाका मारल्या, तिने पापणीसुद्धा नीट हलवली नाही. फुप्फुसं सुधारतायत, डॉक्टर म्हणाले, पण बाकी ते सांगू शकत नव्हते. बाकी म्हणजे सुमेधाच की.

"बाबा, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या," क्षिप्रा म्हणाली. "मी आहे इथे."

दुपारची वेळ होती. घर बंद होतं, विमलाबाईंना सुट्टी दिलेली. दार उघडताच पंपाची घरघर कानावर आली, टाकीचे दिवे ठरल्या वेळी आपोआप लागलेले. विश्रामरावांनी आंघोळ केली, चहा केला आणि कप घेऊन सवयीने पाटावर जाऊन बसले. पलीकडे रिकामी खुर्ची दिसत होती.

कोळंब्या दगडावर नव्हत्या. पाण्याच्या मधोमध होत्या, सगळ्या, वरपासून खालपर्यंत, इकडून तिकडे, कशाला तरी धरून टोकरत होत्या. आता ती रेष राहिली नव्हती. तिला रुंदी होती. विश्रामराव बघत राहिले. दोन दगडांच्या मधल्या फटीत पाणी दाट वाटत होतं, पाकाला तार येऊ लागते तसं. ते दाट पाणी तिरकं झालं, दगडाला घासलं आणि पुन्हा सरळ झालं.

आणि मग त्याने त्यांच्याकडे बघितलं.

डोळे कुठे होते ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नसतं. पण बघितलं. वर्षभर जी नजर अलीकडेच थांबायची ती या खेपेस काचेतून थेट आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर टेकली. ते कारखान्यातून घरी यायचे तेव्हा सुमेधा भाजी निवडता निवडता मान वर करायची, एकदा त्यांना नखशिखांत बघून घ्यायची, आणि मग म्हणायची, "आलात?" तीच नजर. चुकायचं कामच नाही.

"आलो गं," ते म्हणाले.

फोन वाजत होता. किती वेळ वाजत होता कोण जाणे. क्षिप्रा रडत होती. "बाबा, आई गेली. आत्ता. काही त्रास झाला नाही तिला. नुसती थांबली."

"निघतो," विश्रामराव म्हणाले. फोन ठेवला आणि काचेजवळ सरकले. त्या घटकेला त्यांना आनंद झाला होता, हे त्यांना स्वतःपासून लपवता आलं नाही.

६

तेरावं होईस्तोवर घर माणसांनी भरलेलं होतं. कोणी टाकीवर टॉवेल टाकला, विश्रामरावांनी काढला. कोणी म्हणालं, आता हे विकून टाका, कोणासाठी ठेवायचं? ते हो हो म्हणाले. शेवटचा पाहुणा गेला, क्षिप्रा ठाण्याला गेली, तसं ते दाराला कडी घालून पाटावर जाऊन बसले.

नजर होती, पण पुसट. कोळंब्यांचा आकार लहान झाला होता. असं का होतंय हे विश्रामरावांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, तेवढा हिशोबी माणूस होता तो. पाण्यात कोणी नव्हतं. टाकी उपाशी होती. दोन-अडीच महिन्यांत सगळं संपेल असं मितेशने सांगितलंच होतं. तिच्या अंगावरून गळून त्या वाळूत जे काही पडलं होतं, उरलं होतं, ते सगळं.

त्यांनी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला, थेट खांद्यापर्यंत. "हे घे," म्हणाले. "घे ना." कोळंब्या झटक्यात दगडामागे गेल्या. आकार मागे सरला. हात बधिर होईपर्यंत ते तो पाण्यात धरून बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. हातावर एक कण उठला नाही. त्यांचा हात त्याला नको होता. चाळीस वर्षांचा संसार आणि शेवटी ही गत! विश्रामराव ओला हात तसाच तोंडावर घेऊन ढसाढसा रडले.

मग त्यांनी क्षिप्राच्या खोलीतले मासे आणले. महिनोन्महिने औषध देऊन, पाणी मोजून, डोळ्यांत तेल घालून वाचवलेले मासे. टाकीत सोडले तसे ते सगळे कोपऱ्यात जाऊन काचेला तोंड लावून उभे राहिले. पिवळा टँग काचेवर आपटत होता. विश्रामरावांनी दिवा कमी केला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा लावला.

आठवड्याभरात ते पांढरे झाले. एका संध्याकाळी आकार परत आला, नजर आली. पण तिच्यात ओळख नव्हती. ती नजर त्यांच्यावरून नुसती फिरत गेली, माशाची फिरते तशी. सकाळी क्लाऊनची जोडी वाळूवर आडवी पडली होती. नंतर टँग गेला, मग निळे.

त्यांनी मितेशकडून आणखी आणले. तेही गेले. आणखी आणले. तिसऱ्या खेपेला मितेशने पिशवी काउंटरवरून परत मागे घेतली.

"काका, रागावू नका, पण आता नाय देणार मी. तुमच्याकडे कधी मासा मरायचा नाय. मी लोकांना सांगायचो, जाऊन साठेकाकांची टाकी बघा. काय चाललंय? टाकी अडीच महिने रिकामी ठेवा बोललेलो ना मी?"

"ठेवतो," विश्रामराव म्हणाले. रिकाम्या हाताने ते डेपोसमोर बराच वेळ उभे राहिले.

७

त्यानंतर नजर लागेनाशी झाली. कोळंब्या नुसत्या दगडावर बसून असायच्या. कधीतरी एखादी पुढे यायची, पाण्यात चार वेळा टोकरायची आणि परत जायची. विश्रामराव पाटावरून उठायचे ते फक्त चहापुरते. "सुमेधा, बघ ना," असं म्हणायचे, "एकदाच बघ." आपण काचेशी बोलतोय याची आता त्यांना लाज वाटत नव्हती. ती दुसऱ्यांदा जाणार होती आणि या खेपेला त्यांच्या डोळ्यांदेखत जाणार होती.

दुपारी क्षिप्राचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"खोटं बोलताय. मी येते तिकडे राहायला. साकेत टूरवर चाललाय, मी ऑफिसचं काम घरूनच करेन. तुम्ही एकटे त्या घरात, मला झोप लागत नाही हो. आणि मलाही आईजवळ बसल्यासारखं वाटेल. टाकी ठेवलीय ना तुम्ही? विकली नाही ना?"

विश्रामरावांनी टाकीकडे बघितलं. नको येऊस, एवढं म्हणायचं होतं. विकली म्हणायचं होतं. तोंडात शब्द तयार होते. दोन दगडांच्या फटीत पाणी जरासं दाट झालं, हललं, आणि बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांच्याकडे बघितलं. ओळखून बघितलं.

"बाबा? आहात ना?"

"आहे गं. टाकी आहे."

"आईच्या त्या कोळंब्या पण आहेत? ती हात घालून बसायची ना, तशी मी बसेन रोज थोडा वेळ. येतील का हो त्या माझ्या हातावर? तुमच्या नाही यायच्या म्हणून विचारते."

"येतील की," विश्रामराव म्हणाले. "तुझे हात अगदी आईसारखे आहेत."